नळी दोन इंच कमी करणेबाबत

धुळ्याच्या देवपुरातल्या प्रेमराज नानांनी उभं आयुष्य दुसऱ्यांची मापं तपासली. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. कापडवाल्याचा मीटर, दूधवाल्याचं लिटर आणि जिनिंगचा काटा यांत कितीची खोट आहे, हे ते नुसत्या नजरेने सांगायचे. त्यामुळे धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या बाजारपेठेत त्यांना नमस्कार पुष्कळ मिळाले, पण बसा म्हणणारं कुणी भेटलं नाही. निवृत्तीनंतर नमस्कारही थांबले. राहिली ती फक्त बंदूक.

ही बंदूक नानांचा वारसाहक्क होता. वडील उखर्डू आबांनी जाण्याआधी स्वतःच्या तोंडाने वाटणी सांगितली. शिंदखेड्याजवळचं विहिरीचं वावर धाकट्या भटूला, आणि पिकाच्या राखणीसाठी घेतलेली एकनळी बारा बोअरची बंदूक थोरल्या प्रेमराजला. ‘‘तू शिकेल शे, परवाना-बिरवाना तुले समजस,’’ हे आबांचं कारण. शिकल्याने एवढं नुकसान झालेला दुसरा माणूस आपण पाहिला नाही, असं नानांच्या पत्नी सुनंदाबाई चारचौघांत सांगत. वावर सगळ्यांकडे असतं, बंदूक कुणाकडे असते, असं नाना मनाशी म्हणत. पण हे वाक्य मनाशीसुद्धा फारसं जोरात म्हणता येत नसे.

तरी बंदुकीने नानांचं एक काम इमानाने केलं होतं. मका चिकात आला की भटूचा फोन यायचा, ‘‘नाना, डुकरे उनात. बंदूक लईसन ये.’’ मग नाना बंदूक खोळीत घालायचे, परवान्याची झेरॉक्स वरच्या खिशात ठेवायचे आणि एसटीने शिंदखेड्याला निघायचे. बसमध्ये लोक आपोआप सरकून जागा द्यायचे. वावरात पोचल्यावर बांधावर उभं राहून नाना दोन बार काढत. डुकरं पळाली का नाही हे कुणी मोजलं नाही, पण बार काढल्यावर कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत यायचं, आणि गावातली चार माणसं येऊन टेकायची. त्या वावरात नानांचा हिस्सा नव्हता, पण आवाज होता.

मग निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकशाहीला धोका डुकरांपासून नसून त्यांना हाकलणाऱ्यांपासून आहे, असं सरकारचं मत असावं. नानांनी पहिल्याच दिवशी बंदूक तेल लावून, पुसून जमा केली. निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि नाना बंदूक परत आणायला गेले, तर नळीचं तोंड चेपलेलं. मुद्देमालाच्या खोलीत बंदुकांच्या वरच्या फळीवर चोरीत सापडलेली एक विहिरीची मोटार ठेवली होती. फळी मोडली, मोटार खाली आली आणि नेमकी नानांच्या बंदुकीच्या तोंडावर बसली.

‘‘तुम्ही दिली तेव्हाच अशी असेल, नाना,’’ छगन हवालदार म्हणाला. छगन माणूस वाईट नव्हता. फक्त खोली त्याच्या ताब्यात होती.

‘‘पावती बघा. पावतीवर चेपलेली असं कुठे लिहिलंय?’’

छगनने पावती पाहिली. ‘‘एक बंदूक, जुनी, असं लिहिलंय. जुनीमध्ये सगळं येतं.’’

नानांच्या डोळ्यांसमोर त्यांनी आयुष्यभर दुकानदारांना केलेले दंड उभे राहिले. ‘जुनं माप आहे साहेब’ हे कारण त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं.

जळगावला सोन्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत जीवरामशेठ यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. नाना तिथे गेले. जीवरामशेठनी नळी उजेडाला धरली, बोट फिरवलं आणि सांगितलं, की चेपलेला भाग दोन इंचांचा आहे, तेवढा कापला की बंदूक पुन्हा चालेल. नाना म्हणाले, ‘‘कापा.’’

जीवरामशेठनी बंदूक टेबलावर ठेवून दिली. ‘‘मी नाही कापणार. नळी आखूड करायला कायद्याने वेगळी परवानगी लागते. तुमच्या नावाचा, या बंदुकीचा लेखी हुकूम आणा.’’

‘‘दोन इंचांसाठी?’’

‘‘अर्ध्या इंचासाठीसुद्धा. लांब बंदूक डुकरासाठी असते, नाना. आखूड बंदूक शालीखाली मावते. नळी वीस इंचांच्या आत गेली तर तुमच्या परवान्यातच बसत नाही. तुमची तीसची अठ्ठावीस होईल, अडचण काही नाही. पण हुकूम पाहिजे.’’

दुसरा कुणी चिडला असता. नानांना बरं वाटलं. अर्ध्या इंचाची फिकीर करणारं कुणीतरी या जगात आहे, हे कळून ते परतीच्या बसमध्ये जवळजवळ आनंदात होते.

घरी आल्यावर हा आनंद त्यांनी शेजारच्या हितेंद्रला सांगितला, ही त्यांची चूक. हितेंद्र प्लॉटच्या खरेदी-विक्रीत होता आणि कुठलंही काम परवानगीने करणं हा त्याला वेळेचा अपव्यय वाटायचा.

‘‘नाना, एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनवाला आहे. माझ्या गॅलरीचं ग्रिल त्यानेच कापलं. गाडीवर बसा, चहा होईपर्यंत कापून देतो. कोण मोजायला येतंय?’’

‘‘मी मोजायला जात होतो,’’ नाना म्हणाले.

‘‘तेच तर. आता तुम्ही रिटायर झालात.’’

सुनंदाबाईंना दोघांचंही पटलं नाही. ‘‘तीस इंचाची बंदूक घरात ठेवायला परवानगी आहे, आणि अठ्ठावीस इंचाची करायला नाही? मोडीत काढा ती. कपाटात तेवढीच माझी गोधडी मावेल.’’

नानांनी अर्ज लिहिला. विषय : बंदुकीची नळी दोन इंच कमी करणेबाबत. कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर दीपमाला मॅडम होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, मग चष्मा काढून नानांकडे पाहिलं.

‘‘याचा नमुनाच नाही आमच्याकडे. नवीन घेणं आहे, विकणं आहे, वारसाच्या नावावर करणं आहे, हरवलेलं आहे. कमी करायचा कुणी अर्जच केला नाही आजवर.’’

‘‘असं कसं? कुणी कमीच केली नाही?’’

‘‘कमी करणारे पुष्कळ असतील, काका. अर्ज करणारे तुम्ही पहिले.’’

नानांना हा मान वाटला. पुढे बरेच दिवस ते हे वाक्य लोकांना सांगत होते, आणि लोक त्याचा वेगळा अर्थ घेत होते.

शेवटी मॅडमनी हरवलेल्याचाच नमुना खाडाखोड करून दिला, पण कारणाच्या रकान्याशी गाडी अडली. नानांनी लिहिलं होतं, की ठाण्याच्या खोलीत मोटार पडल्याने तोंड चेपलं. मॅडमनी आवाज खाली आणला. ‘‘हे लिहू नका. हे लिहिलंत तर आधी मोटार कशी पडली याची चौकशी लागेल, ती संपेपर्यंत तुमचा अर्ज हलणार नाही. नैसर्गिक कारणाने असं लिहा.’’

नानांनी आयुष्यात खोटा शिक्का मारला नव्हता. ते त्या रकान्याकडे पाहत बसले. रांगेत मागचा माणूस खोकला. मग नानांनी लिहिलं, ‘नैसर्गिक कारणाने’, आणि ते अक्षर त्यांचं नेहमीचं नव्हतं.

अर्ज चौकशीसाठी पोलिसांकडे गेला. चौकशीला आला छगन.

‘‘नैसर्गिक कारणाने म्हणजे काय, नाना?’’ नानांच्याच खुर्चीत बसून त्याने विचारलं. ‘‘नळीचं तोंड आपोआप चेपतं का? कुणाच्या डोक्यात घातली होती का?’’

‘‘छगनराव, तुम्हाला ठाऊक आहे काय झालं ते!’’

‘‘मला छगन म्हणून ठाऊक आहे. चौकशी अधिकारी म्हणून मला अर्जात लिहिलंय तेवढंच ठाऊक आहे.’’ हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की नानांना रागावताही येईना. सुनंदाबाईंनी चहा आणला. छगनने तो दोन्ही नात्यांनी घेतला.

मग तो कॉलनीत फिरला. अर्जदाराचं कुणाशी वैर आहे काय, अर्जदार तापट आहे काय, अर्जदाराला बंदूक आखूड कशासाठी हवी असेल असं आपणांस वाटतं. ज्यांना आजवर काहीच वाटलं नव्हतं, त्यांना त्या दिवसापासून वाटायला लागलं. पार्किंगवरून नानांनी एकदा आवाज चढवला होता, हे तिघांना आठवलं. हितेंद्रला नानांची बाजू घ्यायची होती, म्हणून त्याने सांगितलं, ‘‘अजिबात तापट नाहीत. मी त्यांना म्हटलं होतं, माझ्या माणसाकडून गुपचूप कापून घ्या. तर नाही म्हणाले.’’ छगनने हे सगळं लिहून घेतलं. ‘अर्जदाराने नळी गुपचूप कापण्याविषयी शेजाऱ्याशी चर्चा केली’ एवढंच त्यातून कागदावर उतरलं.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘आपल्या भागात आखूड बंदूक तयार होत असल्याबाबत पोलीस चौकशी. सर्वांनी सतर्क राहावे.’ खाली हात जोडलेली पुष्कळ चित्रं. नाना त्याच ग्रुपवर आहेत हे कुणाच्या लक्षात नव्हतं. नानांनी खुलासा टाईप केला, तीनदा खोडला आणि शेवटी एकच ओळ पाठवली, ‘आखूड नव्हे, अठ्ठावीस इंच.’ ग्रुप शांत झाला. ती शांतता नानांना आवडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला माप काठोकाठ भरून द्यायला लागला, वर थोडं आणखी ओतायचा. वजनमापे खात्यात असताना नानांना जे कधी मिळालं नव्हतं, ते आता मिळत होतं. सुनंदाबाईंनी त्याचं दही लावलं. नानांनी ते खाल्लं नाही.

दिवस गेले. मका चिकात आला. भटूचा फोन आला, ‘‘नाना, डुकरे उनात. बंदूक लईसन ये.’’

नाना बंदुकीशिवाय गेले. बसमध्ये कुणी सरकलं नाही, ते शिंदखेड्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. वावरात भटूने खोळ शोधली, मग भावाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. नानांनी कायदा समजावून सांगितला. वीस इंच, अठ्ठावीस इंच, लेखी हुकूम. भटूने सगळं ऐकलं आणि घरातून स्टीलचं ताट आणि पळी आणून दिली.

‘‘हाई घे. बांधवर फिर.’’

नानांनी पळी ताटावर आपटली. पहिले दोन ठोके त्यांनी बार काढायच्या तोऱ्यात, हात लांब धरून मारले. मग हात दुखला. आकाशाकडे तोंड करून उभं राहण्यात बंदुकीसोबत जी शोभा होती, ती ताटासोबत नव्हती. पलीकडच्या वावरातून कुणीतरी ओरडलं, ‘‘कोन्ह जेवन शे रे?’’ आणि भटू हसला. तो जोरात हसला नाही, पण नानांना ऐकू गेलं. त्या वेळी जेवणात भरीत नव्हतं.

इकडे परवान्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाला बंदूक चालू स्थितीत दाखवावी लागते. बंदूक चालू करायला नळी कापावी लागते. नळी कापायला परवानगी लागते. आणि परवानगीचा अर्ज चौकशीत होता. दीपमाला मॅडमनी मार्ग काढला, की हुकूम येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करून ठेवा, म्हणजे मुदत संपल्यावर ती बेकायदा घरात राहिली असं होणार नाही. सल्ला कायद्याला धरून होता. नानांनी बंदूक पुन्हा छगनच्या ताब्यात दिली. या वेळी पावतीवर ‘तोंड चेपलेली’ असं त्यांनी आग्रहाने लिहून घेतलं, आणि वर फळी नाही अशा कोपऱ्यात ती स्वतः उभी करून आले.

हुकूम आला. नाना त्याच दिवशी जळगावला गेले. जीवरामशेठनी कागद वाचला, परत वाचला आणि नानांपुढे सरकवला. ‘अर्जदार यांस त्यांच्या बंदुकीची नळी दोन इंच करणेस परवानगी देण्यात येत आहे.’

‘‘दोन इंच करायला परवानगी आहे, नाना. दोन इंच कमी करायला नाही. एवढी नळी मी ठेवली तर तुम्ही आणि मी एकाच कोठडीत.’’

नाना परत कचेरीत आले. ‘‘मॅडम, ‘कमी’ कमी पडलाय.’’

दीपमाला मॅडमना हसू आलं, मग त्यांनी कपाळाला हात लावला. दुरुस्तीला तोच कागद त्याच टेबलांवरून पुन्हा वरपर्यंत जाणार होता. एक शब्द घालायला जितक्या सह्या लागतात, तितक्याच अख्खा हुकूम काढायला लागतात. नाना येत राहिले. बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, डबा खायचे. बाकड्याच्या मागे भिंतीवर नोटिसांचा फलक होता. त्यावर मुदतीत सोडवून न नेलेल्या शस्त्रांची नोटीस लागली होती. ती सरकारजमा होणार, हरकत असल्यास कळवावे, असं त्यात लिहिलं होतं. नानांचं नाव त्यात मराठीत, स्वच्छ अक्षरांत होतं. नाना रोज त्याच फलकाला पाठ टेकून बसत.

अखेर दुरुस्त हुकूम हातात पडला. ‘दोन इंच कमी करणेस.’ नानांनी तो शब्द बोटाने चाचपला आणि कागद पिशवीत घालून ते ठाण्यावर गेले. मागच्या आवारात माणसं जमली होती. गॅस कटरवाला नळकांडी घेऊन बसला होता. कोपऱ्यात बंदुकांचा ढीग होता, काही गावठी, काही जुन्या. छगन घाईत होता.

‘‘नाना! बरं झालं आलात. एक पंच कमी पडतोय. आधार कार्ड आहे ना?’’

‘‘मी माझी बंदूक न्यायला आलोय. हा हुकूम.’’

छगनने हुकूम वाचला. मग त्याने ढिगाकडे पाहिलं, आणि नानांनीही पाहिलं. दस्त्यावर आबांनी ठोकलेली पितळी पट्टी होती, म्हणून ओळखू आली.

साहेबांना बोलावलं गेलं. साहेब तरुण होते आणि त्यांनी सगळं उभ्याने, शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘काका, तुमची परवानगी खरी आहे. पण ती तुमच्या बंदुकीची नळी कमी करण्याची आहे. ही आता सरकारची बंदूक आहे.’’

‘‘मी रोज तिथेच बसत होतो. मला कुणी सांगितलं नाही.’’

‘‘नोटीस लावली होती, काका.’’

‘‘पाठीमागे होती,’’ नाना म्हणाले. हे कारण त्यांचं त्यांनाच हलकं वाटलं. काट्यावर ठेवलं असतं तर भरलं नसतं. एखाद्या दुकानदाराने असं कारण दिलं असतं तर नानांनी पेन बाजूला ठेवलं नसतं. त्यांनी अपील कुठे करायचं ते विचारलं. साहेबांनी कार्यालयाचं नाव सांगितलं आणि सांगता सांगता घड्याळाकडे पाहिलं. कटरवाला दिवसाच्या मजुरीवर आला होता.

छगन जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘नाना, तुम्ही नसलात तर मला रस्त्यावरून कुणीतरी धरून आणावं लागेल. त्याला हिच्याबद्दल काय वाटणार?’’

नाना थांबले. का थांबले ते त्यांना नंतर सुनंदाबाईंनाही सांगता आलं नाही.

कटरवाल्याने आबांची बंदूक विटांवर आडवी ठेवली. ज्योत निळी झाली. त्याने सुरुवात तोंडाकडून केली, चेपलेल्या भागाच्या जरा अलीकडून. ठिणग्या उडाल्या आणि दोन इंचांचा तुकडा टपकन खाली पडला. नानांची नजर सवयीने नळीवर गेली. अठ्ठावीस. त्याच हातासरशी कटरवाल्याने ज्योत नळीच्या मधोमध आणली.

पंचनाम्यावर नानांनी सही केली. ‘वरील शस्त्र माझ्या समक्ष निकामी करण्यात आले, ते मी ओळखले.’ पितळी पट्टी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. छगनने मान हलवली. भंगार मोजून जमा व्हायचं होतं.

नाना घरी न जाता शिंदखेड्याच्या बसमध्ये बसले. भटूला फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. भटू खळ्यात कणसं पसरत होता. नानांनी पाणीही न पिता सगळं सांगितलं, कटरपर्यंत. भटूचे हात थांबले नाहीत.

‘‘एवढा फेरा मारात, मंग व्हईच कशी सरकारनी?’’

‘‘झाली.’’ नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, ‘‘भटू, आबांचं माझ्याकडे आता काहीच राहिलं नाही रे.’’

त्यांनी काही मागितलं नव्हतं. निदान मागायचं म्हणून ते बोलले नव्हते. पण भटू आता सरळ झाला, हाताची धूळ झटकली आणि वावराकडे एकदा बघून घेतलं, जणू ते आहे तिथेच आहे ना याची त्याने खात्री केली.

‘‘नाना, आबानी बठ्ठं वाटी दिधं व्हतं. वावर मन्हं, बंदूक तुन्ही. तुन्ही वस्तू तुले सांभाळता उनी नही, त्याले मी काय करू?’’

‘‘मी वावराचं बोललो नाही.’’

‘‘मी बी नही बोलनू,’’ भटू म्हणाला. ‘‘जेवी जा.’’

नाना जेवले नाहीत. शेवटच्या बसला अवकाश होता तरी ते फाट्यावर जाऊन उभे राहिले. बस आली ती भरलेली. आत गावातले एक म्हातारे गृहस्थ होते. नानांनी बार काढला की बांधावर येऊन टेकणाऱ्यांपैकी. त्यांनी नानांना पाहून सवयीने सरकून जागा केली.

‘‘नाना, बंदूक कोठे शे?’’

नाना बसले. मांडीवर पिशवी घेतली. आत हुकूम होता, दुरुस्त केलेला, सही-शिक्क्यासकट.

‘‘घर शे,’’ नाना म्हणाले. ‘‘नीट करी लिधी. दोन इंच कमी करनी पडनी.’’